तान्ह्या पोळ्याचे सोंग घरीच करा



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा भरतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान झालेला असतो. हा दिवस लेकरांचा. आपापले लाकडी बैल सजवून ती तोरणाखाली रांगेने उभी राहतात आणि मग घरोघरी बोजारा मागत हिंडतात. बैलाबरोबर लेकरूही सजते. कोणी शेतकरी होतो, कोणी वासुदेव, तर कोणी झाशीची राणी.

इथेच आई-बापाला घोर लागतो. शेजारच्या पोराने तालुक्याहून भाड्याचा पोशाख आणला की आपलेही अडून बसते. भाडे आणि जाण्यायेण्याचा खर्च धरला तर एका दिवसाची मजुरी सहज जाते. त्यात हे दिवस निंदणाचे, फवारणीचे आणि हाती पैसा नसण्याचे. मग काही लेकरे पोशाख नाही म्हणून पोळ्यात येतच नाहीत, दुरून पाहतात. त्यांच्यासाठी आज हे लिहितो आहे.

घरात आणि शिवारात काय आहे ते पाहा. पावसाळ्यात पळसाला मोठी पाने असतात. पत्रावळ लावतो तशी ती काडीने टाचली की मुकुटही होतो आणि अंगरखाही. मक्याच्या कणसाचे केस म्हणजे दाढी-मिशा. कडब्याच्या धांड्याची गाडी करणाऱ्या पोराला त्याच धांड्याचा राजदंड करायला शिकवावे लागत नाही. आजोबांचे धोतर आणि आजीचे जुने लुगडे तर आहेच.

मुखवटा करायचा असेल तर रद्दी कागद रात्रभर भिजवून कुटा. टोपल्यांसाठी करतात तशी त्यात मेथीदाण्याची पूड घाला. उपड्या मडक्यावर ओले फडके पसरून लगद्याचा पातळ थर द्या आणि डोळे-नाकाची भोके मोठी ठेवा. पावसाळी हवेत तो वाळायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून आठ दिवस आधी सुरुवात करावी. चिकटवायला चिंचोक्याची किंवा कणकेची खळ पुरते. रंगाला हळद, गेरू, कोळसा आणि तांदळाचे पीठ घ्या.

तान्ह्या पोळ्याचा परीक्षक म्हणून मला अनेक गावी बोलावणे येते. एका वर्षी एक मुलगी बुजगावणे होऊन आली होती. बापाचा फाटका सदरा, बाह्यांतून डोकावणारी तणस आणि डोक्यावर काळे मडके. मी विचारले, "कोणकोणती पाखरं हाकलतेस गं?" तिने पोपटापासून चिमणीपर्यंत नावे घेतली, कोणते पाखरू कोणत्या पिकावर पडते तेही सांगितले आणि वर म्हणाली, "पण बगळ्याला नाही हाकलत जी, तो अळ्या खातो." भाड्याच्या पोशाखातल्या मुलांना आपण कोण आहोत एवढेच ठाऊक होते. सोंग स्वतः केले की त्याची माहितीही अंगी लागते, ती अशी.

त्याच रांगेत एक पोरगा फवारणीवाला झाला होता. त्याच्या गळ्यात कीटकनाशकाची रिकामी बाटली होती. ती काढून ठेवायला लावली, त्याला हापशीवर नेऊन साबणाने हात, तोंड, मान धुवायला लावली आणि अंगातला सदरा बदलवला. बाप म्हणाला, "साहेब, बाटली तर धुतली होती." बंधूंनो, धुतल्याने विष जात नाही. डब्यावर त्रिकोण लाल असो की हिरवा, तो डबा लेकराच्या हाती जाता कामा नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते याच हंगामात. ती घरे आपल्यासारखीच होती.

म्हणून सोंगाच्या सामानातून काही वस्तू कायमच्या वगळा. औषधाचे डबे, पिशव्या आणि फवारणीचे कपडे नकोत. औषध चोळलेले रंगीत बियाणे माळेसाठी ओवू नका. गुंजेचे मणी दिसायला सुंदर, पण ते विषारी असतात. धोतऱ्याची फळे आणि रुईचा चीक यांपासून लेकरे दूर ठेवा. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, बिब्ब्याने कातडी भाजते. तोंडाला चुना फासू नका. खळीत मोरचूद घालू नका. तोंडावर प्लास्टिकची पिशवी ओढू देऊ नका. तणस आणि कागद अंगावर असताना ओवाळणीची निरांजने लांबूनच फिरवा.

पोराला फवारणीवालाच व्हायचे असेल, तर जरूर होऊ द्या. पाठीवर खोक्याचा पंप, हाती बांबूची कमची, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकातोंडाला फडके, डोळ्यांना पुठ्ठ्याचा चष्मा आणि हातात कापडी मोजे, असे त्याला सजवा. ही नुसती सोंगाची साधने आहेत हे मात्र सांगा. खऱ्या फवारणीला रबरी हातमोजे, चष्मा आणि योग्य मुखपट्टीच लागते. मग तोच पोरगा दुसऱ्या दिवशी विचारील, "बाबा, तुमचे हातमोजे कुठं आहेत?" आम्ही सभा घेऊन जे सांगतो, ते लेकराच्या तोंडून लवकर पटते.

या पोळ्याला एक संध्याकाळ काढा आणि लेकराला शेजारी बसवून सोंग करा. शेजारी एखादे लेकरू बिनपोशाखाचे असेल, तर त्यालाही हाक मारा. पळसाची पाने दोघांना पुरतात.