आमची मोटार आणि आमचा पाय

आमच्या घरीं एक पद्मिनी आहे. नांवावरून वाचकांनीं गैरसमज करून घेऊं नये. आमचे कैलासवासी थोरले बंधु, दादा, यांनीं १९८८ सालीं घेतलेली ही प्रीमियर पद्मिनी मोटार होय. इटलींतील फियाट ११०० ह्या गाडीचा हा देशी अवतार मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत घडे. तें उत्पादन केव्हांच थांबलें, आणि मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सीहि ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाल्या. जालन्यास आमच्या अंगणांतील ही मात्र, आमच्याप्रमाणेंच, निवृत्त होऊनहि अधूनमधून बाहेर पडते.

गेल्या वैशाखांत अशीच ती आम्हांस व वहिनींस घेऊन नव्या जालन्यांत मोंढ्याकडे गेली होती. अर्धा तास उन्हांत उभी राहिली आणि परततांना सुरू होईना. आम्हीं नेहमींचा उपचार केला: चोकची दांडी पुरी ओढली, पायानें दहाबारा वेळां दट्ट्या दाबला आणि स्टार्टर फिरविला. बैलास पराणी टोंचावी तसें इंजिनासहि पायानें डिवचावें लागतें, अशी आमची अनेक वर्षांची समजूत. स्टार्टरचा आवाज क्षीण होऊं लागला. तेवढ्यांत समोरच्या टपरींतून एक वृद्ध मिस्त्री आले. जवळ उभा राहून विडी ओढणाऱ्यास त्यांनीं प्रथम दूर घालविलें आणि मग आम्हांस म्हणाले, "गुरुजी, पाय काढा. गाडी बिघडली नाहीं, बुडाली आहे."

आमच्या जागीं बसून त्यांनीं चोक पूर्ण आंत ढकलला. दट्ट्या एकदांच, सावकाश, तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेवला आणि पांचसहा सेकंद स्टार्टर फिरविला. इंजिन दोनदां खोकललें, मागून काळा धूर निघाला आणि गाडी चालूं झाली. आम्ही चाळीस वर्षें मुलांस शिकविलें. त्या दिवशीं टपरीपुढील बाकावर बसून शिकलों.

पेट्रोल पातळ असतांना पेटत नाहीं; त्याची वाफ हवेंत योग्य प्रमाणांत मिसळावी लागते. वजनानें १ भाग पेट्रोलास सुमारें १५ भाग हवा, असें तें प्रमाण. हें मिश्रण करणारा तो कारबुरेटर. त्याच्या पोटांत एक लहानशी कुंडी असून तींत फ्लोट तरंगतो. पेट्रोल चढलें कीं फ्लोट वर येतो आणि एक सुई पेट्रोलची वाट बुजविते. घरच्या पाण्याच्या टाकींतील चेंडूचा नळच म्हणाना! आमच्या गाडीचा फ्लोट पितळी आहे. त्यास बारीक भोंक पडलें तर तो आंतून भरतो, जड होऊन खालीं राहतो, सुई वाट सोडते आणि पेट्रोल ओसंडतें. कानाशीं हलवून पाहिला तर आंत खळखळ ऐकूं येते. सुईखालीं कण अडकला तरी परिणाम तोच. हल्लींच्या पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें जुन्या रबरी नळ्यांस मानवत नाहीं आणि त्यांचे झडलेले कण पुढें येतात, असें मिस्त्रींचें म्हणणें.

पण त्या दिवशींचा दोष फ्लोटचा नव्हता. तापलेलें इंजिन बंद केलें म्हणजे त्याच्या आंचेनें कुंडींतील पेट्रोल उकळून आधींच खालीं ठिबकतें. त्यांत दट्ट्या दाबला कीं कारबुरेटरमधील एक छोटा पंप प्रत्येक वेळीं नवी पिचकारी सोडतो, इंजिन बंद असलें तरीहि. आम्हीं अशा दहाबारा पिचकाऱ्या मारल्या होत्या. वर चोक, म्हणजे बुडत्याच्या गळ्यांत धोंडाच! पाय तळाशीं धरून ठेवल्यानें हवेची वाट पुरी उघडते आणि सांचलेलें पेट्रोल बाहेर वाहून जातें.

"पण उन्हाळ्यांत गाडी बंद पडली कीं आम्ही पंपावर ओलें फडकें घालतों, त्यानेंहि चालते," आम्ही म्हणालों. तो रोग वेगळा, असें उत्तर आलें. त्यांत नळींतच वाफ धरून पेट्रोल पोंचतच नाहीं. ह्यांत तें अति होतें. तर्कसंग्रह शिकविलेल्या माणसास हें सुचावयास हवें होतें: गाडी सुरू न होणें हा हेतु दोन्हीं विरुद्ध पक्षांत सारखाच आढळतो, म्हणून तो सव्यभिचार. निर्णय करावयाचा तो नाकानें. पेट्रोलचा वास उग्र आला तर गाडी बुडाली. मुळींच न आला तर तहानलेली.

परततांना वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, अंबडला असाच वास येत होता."

२००९ च्या वैशाखांत आम्ही सर्वजण अंबडास मत्स्योदरी देवीच्या दर्शनास गेलों होतों. उतरून आल्यावर दादांच्या छातींत कळ आली. गाडी उन्हांत तापलेली, स्टिअरिंगवर आम्ही. पाऊण तास ती सुरू झाली नाहीं आणि शेवटीं बॅटरीच बसली. मोसंबीच्या एका टेम्पोंतून दादांस जालन्यास आणलें. ते वांचले, पुढें पांच वर्षें जगले. पण आणखी उशीर झाला असता तर कठीण होतें, असें डॉक्टर म्हणाले होते. त्यांच्या चिरंजीवानें, म्हणजे आमच्या पुतण्यानें, आठच दिवसांपूर्वीं कारबुरेटर स्वतः खोलून साफ केला होता. रुग्णालयाच्या ओसरींत, दहा माणसांदेखत, "ज्यांतलें कळत नाहीं त्यांत हात घालूं नये," असें आम्हीं त्यास ऐकविलें. तेव्हां तो एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर त्यानें त्या गाडीस हात लावला नाहीं. वहिनींनीं ह्या वर्षांत कधीं अवाक्षर काढलें नव्हतें.

त्या रात्रीं आम्हीं त्यास पुण्यास दूरध्वनि केला आणि मिस्त्रींनीं सांगितलेलें सर्व सांगितलें. पलीकडे थोडा वेळ शांतता.

"काका, वास मला तेव्हांच आला होता."

"मग बोलला कां नाहींस?"

"बाबा मागें कण्हत होते, आणि गाडी तुम्ही चालवीत होतां."

आम्हांस कांहींच बोलतां येईना. तोच पुढें म्हणाला, "सुईखालीं कचरा आहे का तें मात्र पाहावें लागेल. दिवाळींत येतों तेव्हां मी उघडतों. तोंवर कोणाला हात लावूं देऊं नका."

गाडीवर आच्छादन घातलें आहे.