अर्धं बेट, पूर्ण बेट

ब्लोमस्ट्रांडहाल्व्होया! हे नाव एका दमात म्हणून दाखवा आणि रविवारी मेसमधला माझा गुलाबजाम खुशाल घेऊन जा.

नॉर्वेच्या उत्तरेला, आर्क्टिक महासागरात स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. तिथे ७९ अंश उत्तर अक्षांशाजवळ कोंग्सफ्योर्ड नावाची खाडी आहे आणि त्या खाडीत हे महाशय बसलेत. नॉर्वेजियन भाषेत 'हाल्व्होया' म्हणजे अर्धं बेट, म्हणजे आपलं द्वीपकल्प. नाव ठेवलं तेव्हा कुणाला शंका यायचं कारण नव्हतं, कारण एका हिमनदीने त्याला किनाऱ्याशी जोडून ठेवलं होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ती हिमनदी इतकी मागे सरकली की मध्ये समुद्राचं पाणी दिसायला लागलं. खाली जमीन नव्हतीच! अर्धं बेट पूर्ण बेट झालं. नाव मात्र अजून तेच.

आम्हा सिव्हिलवाल्यांना सर्व्हेइंगच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला बजावतात की बेंचमार्क हलत नाही. इथे तर आख्खा नकाशाच हलला. तेव्हापासून मी या खाडीच्या मागे लागलेय. रूममेटच्या मते हे परीक्षा जवळ आल्याचं लक्षण आहे.

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्यासाठी तो 'ग्लेशियर' होता. 'हिमनदी' हा शब्द उशिरा भेटला आणि फार आवडला. ग्लेशियर म्हटलं की डोळ्यांपुढे नुसता पांढरा गोठलेला ढीग येतो. हिमनदी म्हटलं की वाहणं आलं, आणि वाहणं आलं की गाळ आलाच. सरकता बर्फ खालचा खडक पॉलिश पेपरसारखा घासतो. धोंडे, गोटे, वाळू आणि पिठासारखी बारीक पूड, सगळं एकत्र ओढत आणतो. मागे हटताना हा न चाळलेला माल तिथेच टाकून जातो. आमच्या लॅबमधल्या चाळण्यांना घाम फुटेल असा ढीग! काही ढिगांच्या पोटात तर बर्फ उरलेला असतो. तो वितळला की वरचा उतार अचानक खचतो.

मग चाळायचं काम वितळलेलं पाणी करतं. धोंडे जागेवर राहतात, गोटे पुढच्या सपाटीवर पसरतात. तिथे नदीला एक पात्र नसतंच, वेणीच्या पेडांसारखे दहा प्रवाह असतात आणि ते सारखे जागा बदलतात. वाळू मुखाशी साचते, पीठ थेट समुद्रात जातं. स्टोक्सचा नियम आठवा (व्हायव्हाला विचारतातच): कणाचा व्यास दहापट कमी, तर खाली बसायचा वेग शंभरपट कमी.

त्याच खाडीत क्रोनेब्रेन ही हिमनदी थेट समुद्रात उतरते. तिच्या तळातून येणारं पाणी गोडं, म्हणून खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं. ते गाळ घेऊन उसळत वर येतं आणि पृष्ठभागावर पसरतं. वरच्या भागातला खडक तांबडा वालुकाश्म, म्हणून उन्हाळ्यात खाडीचा आतला भाग चक्क तांबूस दिसतो, आपल्या पहिल्या पुरासारखा. खारं पाणी इथे तुरटीचं काम करतं. बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. जार टेस्टच, फक्त जार काही किलोमीटर लांब!

या उसळत्या पाण्यात सापडलेले बारीक जलचर वर येतात आणि किटिवेक नावाचे समुद्रपक्षी त्यांच्यावर तुटून पडतात. हिमनदी आणखी मागे हटून जमिनीवर चढली, की ही उसळी थांबणार. पाणी मग साध्या नदीसारखं वरून येईल, आणि पक्ष्यांचं हे ताट उचललं जाईल. 'बर्फ वितळतोय, समुद्र वाढतोय' हे आपण सगळेच वाचतो. या ताटाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतेय.

बर्फ गेला म्हणजे गोष्ट संपली, असं मलाही कुणी सांगितलं असतं तर पटलं असतं. पण उघडी पडलेली जमीन पुढे कित्येक दशकं, कधी शतकं अस्वस्थ असते. १९७२ मध्ये चर्च आणि रायडर या दोघांनी या काळातल्या घडामोडींसाठीच्या 'पॅराग्लेशियल' या शब्दाची रीतसर व्याख्या केली. आधी गाळाचा लोंढा, मग सैल माल संपत आला की उतार. लोंढा कधी ओसरेल हे गणित मला त्या बेटाच्या नावापेक्षा अवघड वाटतं, आणि जास्त आवडतं.

हे सगळं आपल्यापासून वाटतं तितकं लांब नाही. याच खाडीकाठी न्यू-ओलेसुंडला १ जुलै २००८ रोजी भारताचं 'हिमाद्री' केंद्र सुरू झालं. २०१४ मध्ये खाडीच्या पाण्यात 'इंडआर्क' ही आपली यंत्रणा सोडली गेली. कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. वास्को! आपल्या हॉस्टेलचे अर्धे लोक गोव्याला जाऊन आलेत, ते कुठे कुठे गेले ते विचारू नका.

आईला फोनवर सांगितलं, मला पुढे गाळावर काम करायचंय. ती म्हणाली, "एवढी फी भरली ती गाळ उपसायला?" प्रश्न रास्त आहे. शिक्षणाचं कर्ज आहे, त्यामुळे कॅम्पसला सॉफ्टवेअर कंपनी आली की मीही रांगेत उभी राहीन. पण इलेक्टिव्हच्या फॉर्मवर मी 'सेडिमेंट ट्रान्सपोर्ट' लिहिलंय. सध्या आम्ही तिघंच आहोत. पाच जण झाले नाहीत तर विषय रद्द होईल. फॉर्म शुक्रवारपर्यंत घेतात.