आम्ही समुद्र कसा निवडला

भंडारा जिल्ह्यांतील माणसाला समुद्र ही पुस्तकांतली वस्तु आहे. आमच्याकडे पाण्याचा तोटा आहे असें नव्हे. गांवाला लागून वैनगंगा वाहते, आणि तलावांचा जिल्हा ही आमची ख्याति जुनीच आहे. परंतु खारें पाणी ज्यानें ओंजळींत घेतलें आहे असा गृहस्थ आमच्या शेजारांत शोधूनच काढावा लागेल. मीं स्वतः छत्तीस वर्षें शाळेंत भरती-ओहोटीचा पाठ शिकविला. फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेंत काढून दाखविलीं. आणि त्यांतील पहिलीं कित्येक वर्षें समुद्र डोळ्यांनीं पाहिलेलाच नव्हता! मुलांनीं कधीं विचारलें नाहीं, हें माझें दैव.

असो. यंदाच्या श्रावणांत एके रात्रीं जेवतांना धाकट्या सूनबाईंनीं गोष्ट काढली, कीं दिवाळीच्या सुटींत सर्वांनीं मिळून समुद्रावर जावें. आम्ही घरांत लहानमोठीं अकरा माणसें. आईला पंचाऐंशी वर्षें पूर्ण झालीं आहेत, आणि धाकट्या नातीला पांचवें लागलें आहे. जावें याविषयीं दुमत नव्हतें. कोठें जावें याविषयीं मात्र पानावरचा भात निवाला तरी एकमत होईना. थोरल्या चिरंजिवांस तारकर्ली पाहिजे, सूनबाईंस गोवा. आमचे बंधु आयुष्यभर हिशेब तपासत आले. त्यांनीं खर्चाच्या दृष्टीनें अलिबागचें नांव पुढें केलें. आई सर्वांचें ऐकून घेऊन शेवटीं म्हणाली, "जायचेंच तर जगन्नाथाला जाऊं. तुझे वडील होते तेव्हां काशी-रामेश्वर झालें. पुरी तेवढी राहिली."

आईच्या म्हणण्यांत भक्तीइतकाच भूगोलही होता. दुसऱ्या दिवशीं मीं जुना नकाशा जमिनीवर पसरला आणि एक दोरा भंडाऱ्यापासून मुंबईपर्यंत ताणला. तोच दोरा पूर्वेकडे फिरविला, तों त्याचें टोंक पुरी ओलांडून बंगालच्या उपसागरांत गेलें. विशाखापट्टण तर पुष्कळच अलीकडे राहिलें. आपण महाराष्ट्रांतले, म्हणून कोंकणचा समुद्र तो आपला, असें आपण धरून चालतों. वैनगंगेचें मत निराळें आहे. ती वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरींत शिरते, आणि गोदावरी आंध्रांतून पूर्वसमुद्राला जाते. आमच्या अंगणांतलें पावसाचें पाणी कोंकणांत कधींच पोंचत नाहीं. हें ऐकून नातवंडें चकित झालीं, आणि आईचा पक्ष दुप्पट बळकट झाला.

तरीही मीं पुरीला रुकार दिला नाहीं. तो किनारा मीं एकदां पाहिला आहे. तेथें उपसागर अगदीं उघडा, वाळूचा उतार एकदम. त्यामुळें लाट दूरवर न फुटतां कांठाशीं येऊन फुटते आणि उभ्या माणसाला खालीं पाडते. निमुळत्या टोप्या घातलेले नोलिया कोळी यात्रेकरूंचा हात धरून त्यांना स्नान घालतात. सोय फार चांगली; पण आमच्या अकरा जणांना किती नोलिया लागतील, हा हिशेब बंधूंनाही करवेना.

मी इतका भितों कां, हें सांगितलें पाहिजे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्हीं शाळेची सहल कोंकणांत नेली होती. गांवाचें नांव लिहीत नाहीं. मुलांत एक वैनगंगेच्या कांठचा होता. श्रावणांतली भरली नदी पोहून जाणारा. तो कमरेइतक्या पाण्यांत गेला, आणि पाहतां पाहतां शंभर हात आंत दिसूं लागला. ओहोटी चालू होती. तो जीव तोडून सरळ किनाऱ्याकडे हात मारी आणि तसतसा दूर जाई. मी त्या वेळीं झाडाखालीं नारळाचें पाणी पीत होतों. किनाऱ्यावरचा एक म्हातारा कोळी दोन्ही हात पसरून ओरडला, "आडवा जा, आडवा!" मुलाला तें ऐकूं गेलें ही ईश्वराची कृपा. तो किनाऱ्याला समांतर पोहूं लागला आणि बऱ्याच अंतरावर, ओकत ओकत, बाहेर आला.

लाटांनीं किनाऱ्यावर लोटलेलें पाणी परत जातांना एखाद्या अरुंद पट्ट्यांतून नदीच्या वेगानें निघतें; त्या पट्ट्यांत सांपडल्यास त्याच्याशीं झुंजूं नये, बाजूला सरकावें, हें मला पुढें वाचून कळलें. त्या दिवशीं मला, भूगोलाच्या मास्तराला, तें ठाऊक नव्हतें. नदींत पोहणाराला ओढ लागते ती कांठाच्या कडेकडेनें, आणि कांठ दोन्हीकडे दिसतो. समुद्राला कांठ एकच, आणि ओढ कांठापासून दूर नेणारी. म्हणून नदीवरचा पटाईत पोहणाराच तेथें अधिक फसतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरुड-जंजिऱ्याच्या समुद्रांत पुण्याहून सहलीला आलेले दहांहून अधिक तरुण विद्यार्थी बुडाले. तें वर्तमान वाचलें तेव्हां मला ती संबंध रात्र झोंप आली नाहीं.

तेव्हां निवड करावयाची ती प्रसिद्धीवरून नव्हे, असें मीं ठरविलें. माझा एक जुना विद्यार्थी दापोलीच्या कृषि विद्यापीठांत आहे. त्याला दूरध्वनि करून चारच प्रश्न विचारले. वाळूचा उतार किती? खडक कोठें? खाडीचें मुख किती दूर? आणि किनाऱ्यावर तेथलीच माणसें दिवसभर असतात कीं नाहीं? या कसोटीला हरिहरेश्वर उतरलें नाहीं. तेथील प्रदक्षिणेची वाट रम्य आहे, पण ती खडकांवरून जाते आणि भरतीच्या वेळीं घातक होते. गणपतीपुळ्याचें दर्शन घ्यावें, पाण्यांत मात्र उतरूं नये. तेथें बुडालेल्यांच्या वार्ता वरचेवर येतात. तारकर्लीचें पाणी नितळ असतें हें चिरंजिवांचें म्हणणें खरें, पण आईला तेथवर नेणें म्हणजे प्रवासांतच सुटी संपविणें. अलिबागला गर्दी फार. गोव्याविषयीं मीं कांहीं बोललों नाहीं, सूनबाई समजल्या.

विद्यार्थ्यानें सुचविलें दापोली तालुक्यांतील मुरुड. जंजिऱ्याचें मुरुड तें हें नव्हे. तें रायगड जिल्ह्यांत, हें रत्नागिरी जिल्ह्यांत हर्णैजवळ. हा खुलासा मला घरांत निदान सहा वेळां करावा लागला. येथील किनारा रुंद आणि सपाट, वाळू घट्ट. म्हातारें माणूस काठी टेकीत चालूं शकतें. शिवाय मजसारख्या मास्तराला या गांवाचें आकर्षण निराळेंच. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण या मुरुडांत गेलें. १८७५ सालीं सहावीच्या परीक्षेसाठीं ते येथून शंभरांहून अधिक मैल पायीं चालत साताऱ्याला गेले, आणि परीक्षकांनीं 'वयानें लहान दिसतोस' म्हणून त्यांस बसूं दिलें नाहीं! वाळूवर बसून मीं ही कथा नातवाला सांगितली. त्यानें सर्व ऐकून एवढेंच विचारलें, "पण ते समुद्रांत खेळत असतील ना?"

आतां दिवस. येथें पंचांग कामास आलें. कोंकणांतल्या लोकांचा साधा हिशेब असा, कीं तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजतां, अष्टमीला सहा वाजतां. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तर अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार सर्वांत कमी. आम्हीं लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज घरीं करून कार्तिक शुद्ध सप्तमी ते दशमी हे दिवस धरले. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे दोन प्रहरीं ओहोटी पुरी होते आणि तीनपासून पांचपर्यंत पाणी हळूहळू किनाऱ्याकडे येत असतें. स्नानाची वेळ तीच. ओहोटी लागली कीं कोणींही पाण्यांत राहावयाचें नाहीं, हा नियम चिरंजिवांनाही लागू. एकादशी परतीच्या गाडींत येते ही अडचण सौभाग्यवतींनीं दाण्याच्या लाडवांवर सोडविली.

वरठीच्या भंडारा रोड स्टेशनावर विदर्भ एक्स्प्रेस धरली, ठाण्याला गाडी बदलून खेडला उतरलों, आणि पुढें दापोलीवरून मोटारीनें मुरुडास पोंचलों. प्रवास लांबचा खरा. आई मात्र आम्हां सर्वांपेक्षां ताजी होती. गांव नारळी-पोफळींत झांकलेला, दुर्गादेवीचें देऊळ प्रशस्त. एक गोष्ट मात्र खटकली. वाळू घट्ट म्हणून हौशी लोक मोटारी थेट लाटांच्या कडेनें पळवितात. त्यांची चाकें आणि आमची नात यांच्यामध्यें उभें राहण्याचें काम बंधूंनीं पत्करलें, आणि चारही दिवस तें चोख बजाविलें.

अष्टमीच्या तिसऱ्या प्रहरीं आईची खुर्ची पाण्याच्या कडेला नेऊन ठेवली. तिची दृष्टि अधू आहे. समुद्र तिला दिसण्यापेक्षां ऐकूंच अधिक येत असावा. पहिलें पाणी पायांवरून गेलें तेव्हां तिनें माझा हात घट्ट धरला, आणि तें परत जातांना टांचांखालची वाळू निसटली तेव्हां लहान मुलीसारखी हंसली. मग वांकून ओंजळ भरली, जिभेला लावली, उरलेलें पाणी डोळ्यांना लावलें.

"आपली वैनगंगा येते का रे या पाण्यांत?"

"नाहीं आई. ती पूर्वेकडे जाते. पुरी आहे त्या समुद्राला."

"मग तिकडेही न्यावें लागेल तुला," आई म्हणाली, आणि खुर्ची चार हात मागें घ्यावयास सांगितली, कारण पाणी वर चढत होतें.