चोवीस मिलिमीटरचा माणूस

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरात ज्या खोलीत पूर्वी माग चालायचे, तिथे आता रेल्वे धावते. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद प्लायवर मी स्कॉटलंडमधल्या वेस्ट हायलँड मार्गावरचं एक लहान स्टेशन बांधलं आहे. काळ १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धाचा. दोन रुळांच्या मधे एकच फलाट, फलाटावर उतरत्या छपराची बैठी इमारत, सभोवती दलदलीचं तांबूस माळरान, आणि चार डब्यांच्या पुढे निळ्या अंगाचं, पिवळ्या तोंडाचं डिझेल इंजिन. स्टेशनचं नाव माझ्या मनातलं आहे; पण इमारत १८९४ साली सुरू झालेल्या रॅनॉख आणि ब्रिज ऑफ ऑर्ची या स्टेशनांच्या घडणीवर बेतली आहे.

गल्लीतली मुलं सुट्टीत बघायला येतात. त्यांतल्या एकीने विचारलं, "काका, ह्यात आपली राणी चन्नम्मा एक्सप्रेस का नाही ओ?" प्रश्न रास्त होता. बेळगावात राहून, कपिलेश्वर मंदिराच्या बाजूने रोज गाड्यांचे भोंगे ऐकत असताना विलायती डिझेल इंजिनं कशाला? मी तिला सांगितलं, "त्या लोकांनी त्यांच्या इंजिनांचे फोटो काढून ठेवलेत, म्हणून." एवढ्यावर तिचं समाधान झालं नाही. होण्यासारखंही नव्हतं.

माझ्या गाडीपुढचं इंजिन क्लास ३७ जातीचं. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने १९६० ते १९६५ या काळात अशी ३०९ इंजिनं ब्रिटिश रेल्वेला दिली. ताकद १७५० अश्वशक्ती. त्यांतली बहुतेक लँकाशायरमधल्या व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली. हे नाव मराठी माणसाला परकं वाटू नये. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, तिची वाफेची इंजिनं याच कारखान्यातून आली होती. मला हा धागा फार मोलाचा वाटतो. शंभर वर्षांनी तोच कारखाना डिझेल घडवत होता.

या ३०९ इंजिनांतली दोन इंजिनं सहसा तंतोतंत सारखी नसतात. आधीच्या इंजिनांच्या तोंडावर गाडीचा संकेतांक दाखवणाऱ्या दोन वेगळ्या पेट्या, नंतरच्यांवर मधोमध एकच पेटी. पुढे कुणाची पेटी पत्र्याने बुजवली गेली, कुणाच्या नाकावरचं दार बदललं. १९८५ मध्ये काही इंजिनांत डबे विजेने तापवायची सोय बसवून ती वेस्ट हायलँड मार्गासाठी तयार केली. ग्लासगोच्या ईस्टफील्ड शेडच्या इंजिनांवर छोट्या कुत्र्याचं चित्र असे. हे सगळं मला इथे बसून कळतं, कारण त्या देशात शेकडो हौशी माणसं वह्या आणि कॅमेरे घेऊन फलाटांच्या टोकाला पावसात उभी राहिली. शाळकरी पोरं, टपाल खात्यातले कारकून, दुकानदार. मी एक क्रमांक निवडला की त्या इंजिनाचा रंग कोणत्या साली बदलला आणि डाव्या बाजूच्या जाळीखाली गंज कुठे चढला होता, इथपर्यंत शोधता येतं.

त्यांची माया फोटोंवर थांबली नाही. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिंबराला जाणारी ३३०० अश्वशक्तीची डेल्टिक इंजिनं एकूण बावीसच होती. आरमाराच्या वेगवान नौकांसाठी नेपियर कंपनीने विकसित केलेलं यंत्र त्यांच्या पोटात जोडीने बसवलेलं. २ जानेवारी १९८२ ला त्यांची शेवटची फेरी झाली, आणि त्यांतली सहा इंजिनं वाचली, ती बहुतांशी हौशी लोकांनी पैसे जमवून विकत घेतली म्हणून.

माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त तिकडे असतो. जुन्या बाजारातून क्लास ३७ ची एक प्रतिकृती त्याने आणून दिली आणि हे सुरू झालं. प्रमाण ओओ, म्हणजे एका फुटाला चार मिलिमीटर. खरं इंजिन पावणेएकोणीस मीटर लांब. माझं २४६ मिलिमीटर, वितीहून जरा मोठं. यात एक जुनी गोम आहे. ब्रिटनमधले पूल आणि बोगदे अरुंद, म्हणून तिथली इंजिनंही अंगाने लहान. सुरुवातीच्या काळातल्या मोटरी एवढ्या लहान प्रतिकृतीत मावेनात, तेव्हा वरचा सांगाडा मोठ्या प्रमाणात घेतला आणि रूळ मात्र युरोपातल्या एचओ प्रमाणाचेच, १६.५ मिलिमीटरचे ठेवले. हिशेब केला तर हे अंतर खऱ्या रुळांवर १२५७ मिलिमीटर भरतं. भरायला हवं १४३५. म्हणून मी इंजिनाचा फोटो कधी नाकासमोरून काढत नाही. थोडं तिरपं उभं राहिलं की ही तफावत डोळ्यात येत नाही.

जमीन मात्र शहापूरची आहे. रॅनॉखच्या माळावरचं वाळलेलं गवत दाखवायला विलायती कंपन्यांचे कृत्रिम तंतू मिळतात. मी मागावरचं सूत वापरलं. आज्जाच्या वेळच्या रंगवलेल्या सुताच्या लडी माळ्यावर पडून होत्या. बदामी, फिकट तांबडा आणि मळका हिरवा असे रंग मिसळून दोन-चार मिलिमीटरचे तुकडे कापले आणि ओल्या फेविकॉलवर उभे बसवले. साड्या विणणाऱ्या या गावात रंग मिसळायचं शिक्षण वेगळं घ्यावं लागत नाही. कुठला रंग कुठल्या रंगाला मारतो हे आज्जीच्या बोलण्यातून कानावर पडलेलं असतं. खडीसाठी दगडाची कच रव्याच्या चाळणीने चाळली, रुळांमधे पसरली, आणि पाण्यात पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भांड्यांच्या साबणाचा थेंब घालून ते मिश्रण ड्रॉपरने सोडलं. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि गोंद खडी न हलवता आत उतरतो. इंजिनावरच्या हातदांड्या बारीक तांब्याच्या तारेच्या आहेत. शेजारच्या सोनार मित्राने त्याच्या छिद्रांच्या पट्टीतून तार ओढून दिली, आणि कारखान्यातून आलेल्या जाड प्लॅस्टिकच्या दांड्या काढल्याबरोबर इंजिनाचा चेहरा पालटला.

बेळगावचा पाऊस अशा कामाचा वैरीही असतो आणि सोबतीही. जूनपासून हवा इतकी ओली की प्लाय फुगतो. म्हणून तो खालून-वरून रंगवून बंद करावा लागतो. रुळांवर काळपट थर चढतो आणि चाकांना वीज पोचेनाशी होते. वीज रुळांतूनच येते, फक्त बारा व्होल्ट, त्यामुळे इवल्याशा डागानेही गाडी अडखळते. गाडी चालवण्यापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा. पलीकडे यंत्रमाग चालतात, त्यांचा सुताचा भुसा हवेतून येऊन आसांना गुंडाळतो. तो चिमट्याने काढायचा.

पण फोटोंसाठी तोच पाऊस मला हवा असतो. खरी मेहनत आणि खरा आनंद फोटोंत आहे. या प्रमाणात सहा फुटी माणूस २४ मिलिमीटर उंच असतो. आपण उभ्याने खाली बघतो तेव्हा ते खेळणं दिसतं, कारण हेलिकॉप्टरमधून स्टेशन बघायची सवय कुणाला नसते. कॅमेऱ्याचं भिंग रुळांपासून बोटभर उंचीवर आणलं, त्या २४ मिलिमीटरच्या माणसाच्या डोळ्यांपाशी, की इंजिन अंगावर येतं. मोबाइल उलटा धरला तर त्याचं भिंग खाली येतं आणि कॅमेरा शिरणार नाही तिथे शिरतं. इतक्या जवळून मात्र सगळं स्पष्ट येत नाही. नाकावरचा क्रमांक स्पष्ट आला तर मागचे डबे धूसर, आणि ती धूसरताच फोटो छोट्या वस्तूचा आहे अशी चुगली करते. त्यासाठी कॅमेरा न हलवता फोकस थोडा थोडा मागे नेत बऱ्याच चौकटी घ्यायच्या आणि संगणकावर प्रत्येकीतला स्पष्ट भाग जुळवायचा.

त्याहून मोठी गोष्ट उजेड. रॅनॉख जवळपास ५७ अंश उत्तरेला आहे. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर येतो. आपल्याकडे मे महिन्यात तो थेट डोक्यावर. छताच्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत सावली इंजिनाच्या पोटाखाली पडते आणि बघणारा कारण न सांगता म्हणतो, खोटं वाटतंय. दिवा टेबलाच्या पातळीला आणून एका बाजूने लावला की फलाटावर लांब सावल्या पडतात आणि हिवाळा येतो. आणि जुलैत, आभाळ दिवसचे दिवस भरलेलं असतं तेव्हा कौलांतल्या काचेतून जो करडा, बिनसावलीचा उजेड मागाच्या खोलीत उतरतो, तो थेट स्कॉटलंडच्या डोंगरांतला. रुळांलगतच्या मातीवर चकचकीत वॉर्निशचा हात फिरवून मी तेव्हा दिवा न लावता फोटो घेतो. माझे सगळ्यात चांगले फोटो पावसाळ्यातले आहेत.

या मांडणीमागे पुण्याचाही वाटा आहे. तिथे कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ ला सुरू झालं. एचओ प्रमाणातलं अख्खं शहर, एकाच वेळी धावणाऱ्या गाड्या, आपोआप बदलणारे सिग्नल. मराठी घरातला माणूस आयुष्यभराची हौस एवढ्या निगुतीने उभी करतो, हे तिथे मी पाहिलं, आणि घरी परतल्यावर मागाच्या खोलीकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो.

आता त्या मुलीचा प्रश्न. मिरज-लोंढा मार्गावर १९९० च्या दशकापर्यंत मीटर गेज होतं. एक मीटरचे रूळ, आणि त्यांवर वायडीएम-४ जातीची डिझेल इंजिनं. मूळ रचना अमेरिकेच्या अल्को कंपनीची, १९६८ पासून ती वाराणसीला बनू लागली. आमच्या शहापुरातल्या दोन पिढ्या त्या गाड्यांनी मिरजेला, हुबळीला, गोव्याला गेल्या. कॅसलरॉकचा घाट, दूधसागर, सगळं त्या रुळांवरून. मग रुंद रूळ आले, मीटर गेज उचललं गेलं, आणि मागे काय राहिलं? आमच्या घरी एक फोटो आहे. आत्याची सासरी पाठवणी, स्टेशनवर सगळे ओळीने उभे, आणि उजव्या कडेला इंजिनाचा कोपरा, क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे. फोटोग्राफरने इंजिन टाळायचाच प्रयत्न केलेला दिसतो. त्या काळी रीळ महाग, फोटो माणसांचे काढायचे. त्याला दोष देता येत नाही. पण एवढ्यावर प्रतिकृती बांधता येत नाही.

मापं मिळतील. जतन केलेली वायडीएम-४ इंजिनं काही ठिकाणी उभी आहेत, टेप लावता येते. १:८७ प्रमाणाला, म्हणजे एचओला, एक मीटरचे रूळ साडेअकरा मिलिमीटरचे होतात. स्विस डोंगरी गाड्यांसाठी १२ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात, ते चालतील. अडतं ते पुढे. १९८५ च्या सुमाराला आमच्या स्टेशनात येणाऱ्या इंजिनावर कोणता रंग होता, पट्टा कुठून कुठे, छपरावर काजळी किती, फलाटावरच्या पाटीची अक्षरं कशी, हे सांगणारं कुणी नाही. विचारलं की लोक भोंग्याची नक्कल करून दाखवतात, आणि ती हुबेहूब असते. रंग विचारला की वाद सुरू होतात.

म्हणून आता रविवारी सकाळी मी कपिलेश्वर पुलावर उभा राहतो. हुबळी शेडची डब्ल्यूडीजी-४ इंजिनं खालून जातात, ४००० अश्वशक्तीची, अमेरिकी ईएमडी रचनेची. मी त्यांची छपरं टिपतो. प्रतिकृती वरून बघितली जाते, त्यामुळे छपराचा फोटो सगळ्यात गरजेचा, आणि फलाटावरून तो कुणालाच मिळत नाही. पंखे, धुराडं, जाळ्या, पायाखालच्या पत्र्यावरचे तेलाचे ओघळ. विद्युतीकरण आमच्या मार्गावरही पोचलं आहे, तेव्हा ही इंजिनंही फार वर्षं दिसणार नाहीत. प्रत्येक फोटोमागे क्रमांक, तारीख आणि गाडीचं नाव लिहून ठेवतो. ती मुलगीही कधी कधी वही घेऊन सोबत येते. आकडे ती माझ्याआधी वाचते.

आणि स्टेशन रोडवरच्या, खडेबाजारातल्या, टिळकवाडीतल्या ओळखीच्या घरी गेलो की जुने अल्बम मागतो. पाठवणीचे, सैन्यात जाणाऱ्या पोरांच्या निरोपाचे, शाळेच्या सहलीचे. मला त्यांतली माणसांमागची कड हवी असते. गेल्या दिवाळीत एका घरात इंजिनाची मागची बाजू मिळाली, रंगीत.