कादंबरीच्या आधीचा वाचक

कादंबरी छापून झाल्यावर वाचक शोधायला निघायचं, हे मला पटेनासं झालंय. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः दिली. नुसती कादंबरीच नाही, तर जोडीला स्फुट गोष्टी, चरित्रं, शास्त्रीय माहितीही. कादंबरीतल्या यमूचं पुढे काय होणार हे कळायला थांबावं लागे. पण वाचकाच्या पदरात काही ना काही पडत राही. आधी द्यावं, मग मागावं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

आमच्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनीही वाचक येण्याची वाट पाहिली नाही. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव धाडली. केवढी मोठी गोष्ट!

माझी कादंबरी याच बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांची आहे. ती पूर्ण होईपर्यंत दर रविवारी एक टिपण लोकांना द्यायचं ठरवलंय. घरात मराठी आणि ओट्यावर भाजीवालीशी अस्सल गुजराती बोलणाऱ्या आजीचं. आमटीत गूळ किती, यावरून सासू-सुनेत चाललेल्या वादाचं. ‘आज इतकी पानं लिहिली’ असलं काही मात्र नको. वाचकाला माणसं हवी असतात.

तुमच्या घरी जुन्या बडोद्याची पत्रं, हिशेबाच्या वह्या असतील, तर कृपा करून रद्दीत घालू नका. मला दाखवा.