दीड तासाचं दिलसुखनगर

आमच्या वसईत ताईचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "हैदराबाद ना? मग काय, दीड तासाचं विमान!" तिकिटावरही तेच छापलेलं असतं, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. पण ताई विमानतळावर राहत नाही, दिलसुखनगरला राहते.

मुंबई ते हैदराबाद हवाई अंतर सुमारे ६२० किलोमीटर. त्या दीड तासात विमान हवेत असतं जेमतेम तासभर. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि पुन्हा जागेवर लागलं की थांबतं. धावपट्टीसाठी रांगेत उभं राहणंही त्यातच आलं. ही झाली विमानाची वेळ. माणसाची वेळ कोण छापणार?

दिलसुखनगर म्हणजे कोचिंग क्लासेस, हॉस्टेलं आणि मधून जाणारा विजयवाड्याचा हायवे. त्याच्या वरून मेट्रो धावते, पण ती काही विमानतळाला जात नाही. २००८ पर्यंत विमानतळ शहरातच, बेगमपेटला होता. आता तो शमशाबादला. तिकडे जाणाऱ्या आरटीसी बसचं नाव पुष्पक. (विमान गाठायला विमानच!) ट्रॅफिकने दया दाखवली तर तास-सव्वा तास. मग चेक-इनसाठी दोन तास आधी, मग तो प्रसिद्ध दीड तास, मग बॅगेची वाट, अंधेरीची रिक्षा, विरार लोकल, पुन्हा रिक्षा. ताईने एकदा मोजलं होतं : दारापासून दारापर्यंत ७ तास.

हा आकडा घरात कुणाच्या लक्षात राहिला नव्हता. आजी गेली तेव्हा ताईला सकाळी ११ वाजता फोन केला. मिस्सा आणि दफन संध्याकाळी ५ ला ठरलं. "दीड तास तर लागतो, पोचेल ती," असं म्हणूनच ठरवलं. ती अर्ध्या तासात हॉस्टेलमधून निघाली, ३ चं विमान मिळालं आणि साडेसहाला ती दारात उभी होती. तोपर्यंत कबरीवर माती पडून फुलंही ठेवून झाली होती. वर दोन-तीन बायका कुजबुजल्याच, "आजकाल विमानं असून पोरींना वेळ नसतो." मला अजूनही त्याचा राग येतो.

हुसेनसागर एक्सप्रेसला रात्रभर धरून चौदा-पंधरा तास लागतात. पण गाडीने येणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. गाडी लांबची असते, हे सगळ्यांना मान्य आहे. विमानाने अंतर कमी केलं की नाही माहीत नाही, पण उशिराला माफी मात्र उरली नाही.

आता रोज संध्याकाळी ताई व्हिडिओ कॉल करते. ती पूर्वेला, त्यामुळे तिच्याकडे वीस-पंचवीस मिनिटं आधीच अंधार पडतो. आमच्या अंगणात अजून ऊन आणि तिच्या खिडकीत दिवे.

या नाताळला तिने रेल्वेचं तिकीट काढलंय. आईला म्हणाली, "पंधरा तास लागतील गं."

आई म्हणाली, "सावकाश ये."