झड, राजदूत आणि मन्याडचं पाणी

श्रावणात झड लागली की उदगीरच्या पोरांना गाडी काढायची हुक्की येते. हे ऐंशीच्या दशकात खरं होतं आणि आजही खरं आहे. फरक पडलाय तो गाडीत, रस्त्यात आणि सगळ्यात जास्त पाण्याकडे बघायच्या नजरेत.

तेव्हा गाडी म्हणजे राजदूत, तीही मित्राच्या काकांची मागून आणलेली. टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्ये मापानं ऑइल मिसळायचं, निळा धूर सोडत निघायचं. प्लगला पाणी लागलं की गाडी जागेवर बंद. मग प्लग काढा, पॉलिश पेपरनं घासा, फुंकर मारा आणि आळीपाळीनं किका मारत बसा. रेनकोट कुणाकडं होता? खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतली की झालं. रस्ता अरुंद. समोरून एसटी आली की गाडी खाली उतरवायची आणि काळी माती मडगार्डात अशी गच्च बसायची की चाक फिरेना. बाभळीच्या काडीनं चिखल उकरेपर्यंत शेजारच्या आखाड्यावरून हाक यायची, "आरं भिजलाव की रं लेकरांनो, या आत." चहा व्हायचा, कुणाचे कोण याची चौकशी व्हायची. साठ-सत्तर किलोमीटरवरच्या कंधारला पोचेपर्यंत दुपार कलंडलेली असायची.

कंधारला जायचं ते किल्ल्यासाठी आणि जगतुंग समुद्रासाठी. राष्ट्रकूटांच्या काळातला हा तलाव. झडीत त्याचा पलीकडचा काठ दिसेनासा व्हायचा. आम्हा कोरड्या मुलखातल्या पोरांना तेवढा समुद्र पुरे होता. तलाव किती भरलाय, असं कुणी कुणाला विचारत नसे. घरी आड होता, गल्लीत हापसा होता. पाणी बघायचं ते निव्वळ मौज म्हणून.

आता पुतण्याच्या गाडीवर मी मागं बसतो. कार्बोरेटर गेला, इंजिनात पेट्रोल संगणकाच्या हिशेबानं जातं. बटण दाबलं की गाडी सुरू. अंगात पँटसकट रेनकोट, पायात उंच बूट. पाऊस कुठवर आलाय, ते मोबाइल दाखवतो. रस्ता म्हणजे नांदेड-बिदर महामार्ग, क्रमांक ५०. जळकोट, जांब कधी आलं नि गेलं कळत नाही. दोन्ही बाजूंना पूर्वी हायब्रीड ज्वारी, मूग, उडीद, तूर असं मिसळून दिसायचं. आता नजर जाईल तिथवर सोयाबीन. गाडी बंद पडत नाही, म्हणून आखाड्यावरची हाकही येत नाही.

वाट वाकडी करून लिंबोटीला मात्र थांबतो. मन्याड नदीवरचं हे धरण आमच्या तरुणपणी नव्हतं. भिंतीशी गर्दी असते आणि गर्दीत एकच प्रश्न : "किती टक्के झालं?" आमच्या लातूर जिल्ह्यातल्या माणसाला ही सवय उगाच लागलेली नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं होतं. पाणवठ्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून त्याआधी जमावबंदी लावली होती. तो उन्हाळा पाहिलेला माणूस तलावाकडे पासबुकासारखं बघतो; शिल्लक किती, हे आधी.

मागच्या खेपेला तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं विचारलं, "कुठले?"

"उदगीरचे."

"मग आमचंच पाणी पिताव की!"

खरंच होतं ते. लिंबोटीचं पाणी नळानं उदगीरला येतं. धरणात जमिनी गेल्या त्या इथल्या, तहान भागते आमची. म्हातारा हसत बोलला, पण मी त्याला नमस्कार केला.

किका मारायचे दिवस परत यावेत असं मला वाटत नाही. सांगायला गोड, पण गुडघ्याला विचारा. तेव्हाचं बिनहिशेबी बघणं मात्र अधूनमधून हवंसं वाटतं. म्हणून पुतण्याला माझी अट असते : लिंबोटीला थांबून टक्केवारी विचारायची, तिथल्या माणसांशी बोलायचं आणि मग कंधारला जायचं. तिथं कुणाला काहीच विचारायचं नाही.